मयताचं टेबल

आमच्या शाखेत खिडकीजवळ, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाला लागून एक टेबल होतं. कागदोपत्री त्याचं नाव दावे विभाग वगैरे काहीतरी असावं. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्याला 'मयताचं टेबल' म्हणायचे. २००४ साली ते माझ्याकडे आलं. कर्जाच्या टेबलाला मान, कॅशला गर्दी आणि या टेबलाला डोळे पुसणारी माणसं. कुणालाच ते नको असायचं. मी २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथंच बसले. सुरुवातीला कुणी बदललं नाही म्हणून, पुढे मीच बदली मागितली नाही म्हणून.

समोरचा माणूस किती दिवसांनी आलाय ते मला त्याच्या डोक्यावरून कळायचं. नुकतंच मुंडण आणि वर पांढरी टोपी असली की चौदावा-पंधरावा दिवस. केस बोटभर वाढलेले असले की दोन महिने झालेत, म्हणजे कुठल्या तरी कागदापायी एकदा परत पाठवलेला. आणि केसच पांढरे झालेले, प्लास्टिकच्या पिशवीत पिवळं पडलेलं पासबुक, असा माणूस वडील जाऊन बारा-चौदा वर्षांनी उगवलेला. अशा खात्यांचं पुढे काय होतं याची लोकांना फार धास्ती असते. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे जातात. त्या बुडत नाहीत, वारसाला मागता येतात, पण वाट लांबते. २०२३ पासून 'उद्गम' या पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. आमच्या वेळी शोध म्हणजे मी आणि लाल कापडात बांधलेली लेजरं.

"मॅडम, बँकेनं लई फिरवलं," असं लोक म्हणायचे. खोटं नव्हतं ते. आम्ही फिरवायचो. फिरवण्यात दुष्टावा नसायचा, सवय असायची. पहिल्या खेपेला सांगायचं, मृत्यूचा दाखला आणा. तो आणला की म्हणायचं, आता आधार आणा. मग जामीनदार. मग जामीनदाराचा फोटो. एका वेळी एक कागद. समोरचा माणूस एस.टी.नं तीस किलोमीटरवरून येतोय, त्याचा त्या दिवसाचा रोजगार बुडालाय, हे काउंटरच्या आतून दिसत नाही. जून २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं : नॉमिनी असेल किंवा खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' असं असेल, तर कोर्टाचा दाखला मागू नका, हमीपत्र मागू नका, रक्कम कितीही असो, आणि कागद पूर्ण झाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्या. ते मी स्वतः फाइलला लावलं. आणि त्यानंतर निदान दोन वर्षं नॉमिनीकडून हमीपत्र घेत राहिले. 'असू दे, सेफ असतं.' हे 'सेफ' कुणासाठी, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पुढे एकदा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरात लिहून मी ती टेबलाच्या काचेखाली सरकवली. लोक तिचा मोबाइलवर फोटो काढून नेऊ लागले. चौदा वर्षांत मी केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम तेच असावं.

त्या यादीत पहिल्या ओळीला मृत्यूचा दाखला होता आणि कंसात लिहिलं होतं : 'हातात आल्यावर आधी वाचा.' कुणी वाचत नाही. दाखल्याची माहिती कोण भरून देतं? रात्री दोन वाजता दवाखान्यात जो शुद्धीवर असतो तो. बहुतेक वेळा शेजारचा मुलगा किंवा गाडी घेऊन आलेला भाचा. त्याला माणूस 'बापू' म्हणून माहीत. मग दाखल्यावर बापू, पासबुकात पांडुरंग, सातबाऱ्यावर पांडू आणि विम्यात पी. के. ही चारही माणसं एकच आहेत हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत असतं, फक्त कागदाला माहीत नसतं. नोंद व्हायच्या आधी नाव नीट लिहून दिलं तर पाच मिनिटांचं काम. नंतर दुरुस्ती म्हणजे अर्ज, पुरावे आणि साहेब रजेवर.

घरात, शेतावरच्या वस्तीवर माणूस गेला तर आणखी वेगळं होतं. मळ्यातच अग्नी देतात आणि नोंद करायची राहूनच जाते. मुदत २१ दिवसांची. तिसाव्या दिवसापर्यंत विलंब शुल्कावर भागतं, वर्षापर्यंत परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की माझ्या काळात थेट मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. एका ऊसतोड मुकादमाच्या बायकोला नवरा मेलेला आहे हे शाबीत करायला दीड वर्ष लागलं. "बाई, मी रोज बघतीया त्यो न्हाई म्हणून," ती मला म्हणाली होती.

नावांचा घोळ पुरुषांचा एकपट, बायकांचा दुप्पट. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहायची हौस. माहेरची हिरा सासरी लक्ष्मी होते. शाळेचा दाखला हिराचा, माहेरच्या सातबाऱ्यावर हिरा, पोस्टातलं खातं लक्ष्मीचं. आणि ती गेल्यावर मुलं येतात, त्यांना आईचं माहेरचं नाव धड माहीतही नसतं. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र त्या बाईनं जिवंतपणी करून ठेवलं तर स्टॅम्पपेपरचा खर्च. हे मी शेकडो बायकांना सांगितलं. माझीही दोन नावं आहेत. त्याबद्दल पुढे येईलच.

आता एटीएम. माणूस जातो नऊ तारखेला, अकराला त्याच्या कार्डावरून चाळीस हजार निघतात. मुलाच्या मनात काही काळंबेरं नसतं. लाकडं, भटजी, जेवणावळ यांना रोख लागतेच आणि पिन घरात सगळ्यांना ठाऊक असतो. पण खातेदार गेल्यानंतर त्याच्या नावानं केलेला व्यवहार तो व्यवहार नसतो. दुसरा भाऊ स्टेटमेंट मागतो, अकरा तारखेवर बोट ठेवतो आणि तिथून पुढे 'ना हरकत' हे दोन शब्द मिळायला दोन वर्षं जातात. चाळीस हजारांसाठी अडकलेल्या बारा लाखांच्या ठेवी मी पाहिल्यात. पेन्शनरांचंही तसंच. बातमी बँकेला उशिरा कळवली तर चार महिने जादा जमा झालेलं पेन्शन परत द्यावंच लागतं आणि तेवढ्यासाठी विधवेचं कुटुंबनिवृत्तिवेतन लटकतं. आधी बातमी सांगा, पैसे मागायला नंतर या, असं मी म्हणायचे. लोकांना ते उलट वाटायचं.

याच्या उलटी घाई खातं बंद करून टाकायची असते. 'आता कशाला ठेवायचं?' मग ठेवीचं व्याज, डिव्हिडंड, आयकराचा परतावा त्या बंद खात्याच्या दारावर धडकून माघारी जातात. गेलेल्या माणसाचंही त्या वर्षाचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं, त्यासाठी पॅन कार्ड लगेच परत करायचं नसतं. शेअर असतील तर सात वर्षं न घेतलेल्या डिव्हिडंडपायी ते शेअरच सरकारच्या निधीत जातात आणि ते सोडवणं म्हणजे स्वतंत्र पुराण आहे. विमा घेऊन तीन वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला तर चौकशी होतेच, त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. दवाखान्याचे सगळे केसपेपर तेवढे जपायचे. हा भाग रुक्ष आहे, पुढे जाते.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज काही केल्या जात नाही. नॉमिनी पैसे हातात घेतो, ते वारसांचे असतात. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्ये सांगितलं होतं (विम्याचा हा नियम २०१५ मध्ये बदलला), शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. पण गोची कुठं होते पाहा. पोरगा तेविसाव्या वर्षी कारखान्यात लागतो, तेव्हा आईचं नाव लावतो. मग लग्न, दोन मुलं. फॉर्म तसाच राहतो. अडतिसाव्या वर्षी तो जातो आणि आम्ही नियमाप्रमाणे पैसे आईच्या हातात देतो. सून दारात उभी. त्या दिवशी टेबलाच्या अलीकडे बसणं अवघड व्हायचं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवीला चार नावं लावता येतात. ती लावताना निदान लग्न झाल्याची आठवण ठेवावी.

सगळ्यात जास्त महिने मात्र खाल्ले ते एका शब्दानं. 'वारस दाखला.' काउंटरवरचा पोरगा बोलून जातो, "वारस दाखला आणा." माणूस जातो आणि ग्रामपंचायतीचा आणतो. तो चालत नाही. मग तहसील कचेरीतून आणतो. तो कुटुंबनिवृत्तिवेतनासारख्या कामांना उपयोगी, आमच्या ठेवीला तेव्हा चालत नसे. मग वकील गाठतो. कोर्टातही दोन वेगळे कागद असतात. एक १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचा, बँकेतले पैसे, शेअर अशा येण्यांसाठी. दुसरा कंपनी सरकारच्या काळातल्या, १८२७च्या मुंबई रेग्युलेशन आठखालचा. होय, १८२७. पेशवाई बुडून नऊच वर्षं झाली होती आणि तो कायदा आमच्या तालुक्याच्या कोर्टात अजून रोज चालतो. ज्याला पहिला हवा होता तो दुसरा घेऊन यायचा आणि ज्याला कुठलाच नको होता तो पहिला. एक गृहस्थ आठवतात. वडिलांच्या खात्यात ६२ हजार. आमच्या मर्यादेत बसणारी रक्कम, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि दोन जामीनदार यांवर महिन्यात काम झालं असतं. ते आठ महिने कोर्टात गेले, पेपरात जाहीर नोटीस दिली, वकिलाची फी दिली आणि निकालाची प्रत टेबलावर ठेवून विजयानं हसले. मला त्यांना खरं सांगायचा धीर झाला नाही. 'कुठला दाखला, कुठल्या ऑफिसचा, कशासाठी' हे लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. आमच्या पोरांना मी ते लिहून द्यायला लावलं, तेव्हा त्यातल्या दोघांना स्वतःलाच फरक माहीत नसल्याचं कळलं.

आणि आई. वारसांच्या यादीत बायको, मुलगा, मुलगी अशी तीन नावं यायची, तेव्हा मी विचारायचे, "आणि त्यांची आई?" समोर शांतता. "आई आहे की. गावाकडं."

एकदा असंच. एक्केचाळीस वर्षांचा माणूस अपघातात गेलेला, ठेव ३ लाख २० हजारांची, नॉमिनी नाही. बायकोसोबत तिचा भाऊ आला होता. "म्हातारीला काय करायचाय पैसा?" तो म्हणाला. मी म्हटलं, ते त्यांना विचारू. १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा आईला बायको-मुलांच्याच रांगेत बसवतो, पुरुष इच्छापत्र न करता गेला तर आईचाही सारखा वाटा. आज तिला वगळलं तर उद्या ती गेल्यावर तिच्या वाट्याला तिच्या लेकी, दुसरा मुलगा आणि हीच नातवंडं पुन्हा असे सगळे वारस लागणार. चारच्या जागी नऊ सह्या.

चार दिवसांनी त्यांनी म्हातारीला रिक्षातून आणलं. नऊवारी, कपाळावर हिरवं गोंदण. शिपायानं खुर्ची दिली, पण ती पायरीवरच बसली. मी बाहेर जाऊन तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं की मुलाच्या पैशात तुमचा चौथा हिस्सा आहे. तिनं विचारलं, किती. म्हटलं, ऐंशी हजार. सगळ्यांना वाटलं ती म्हणेल, नातवाला द्या. सुनेच्या भावानं तसा कागदही लिहून आणला होता. म्हातारी म्हणाली, "माझ्या नावाचं पुस्तक काढ." अंगठा उठवला, खातं उघडलं. नॉमिनीचा रकाना आला तेव्हा मी विचारलं, नाव कुणाचं लावू? तिनं आजूबाजूला पाहिलं. "आत्ता नगं," म्हणाली. सून आणि तिचा भाऊ चहाला गेल्यावर तिनं माझ्या कानाशी येऊन लेकीचं नाव सांगितलं. पुढे कितीतरी महिने ती पासबुक भरायला यायची. पैसे कधी काढले नाहीत, नुसतं भरून घ्यायची.

इतकं सगळं जाणणाऱ्या बाईच्या माहेरी काय झालं असावं?

माझं माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णेकाठचं. वडील २००९ मध्ये गेले. नदीच्या बाजूला दोन एकर दहा गुंठे जमीन. तेराव्याला आई, आम्ही दोघी बहिणी, दोघे भाऊ, पाचही वारस एका पंगतीला बसलो होतो. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करायला पाच सह्या लागत होत्या आणि पाचही हात तिथं श्रीखंडपुरी खात होते. जमीन महसूल कायद्याचं कलम १४९ सांगतं की वारशानं हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. मला ते पाठ होतं. मी बोलले नाही. मी विषय काढला तर थोरल्या दादाला वाटेल, ही हिस्सा मागतेय. त्यानंही काढला नाही, कारण त्यानं काढला तर आम्हाला वाटेल, हा हक्कसोड मागतोय. दोन्ही बाजू इतक्या सभ्य की दहा वर्षं गेली. दर दिवाळीला साडी, दर राखीला ओवाळणी, आणि सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव.

खरं तर वारस नोंद म्हणजे वाटणी नव्हे. तिनं फक्त नावं चढतात. वाटणी वेगळी आणि हक्कसोड तर त्याहून वेगळं, ते नोंदणीकृतच करावं लागतं. या तिन्हीची एक मोट बांधून लोक तिन्ही टाळतात. बँकेत मी हे तिसऱ्याच्या घरातलं म्हणून बोटांवर मोजून सांगायचे. स्वतःच्या घरात ती बोटं उचलली नाहीत.

आई २०१३ ला गेली. दादा २०१६ मध्ये हृदयविकारानं अचानक गेला. मग ऑगस्ट २०१९चा महापूर आला. आठवडाभर शेत पाण्याखाली, ऊस कुजून काळा. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा शेतकऱ्याच्या रकान्यात लिहायला नाव होतं वडिलांचं. दहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या खात्यात नुकसानभरपाई कशी जाणार? धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, तू बँकेत हेच काम करायचीस ना?" त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आता पाचाच्या सात सह्या झाल्या होत्या : धाकटा भाऊ, आम्ही दोघी, वहिनी, तिची तीन मुलं. एक पुतण्या पुण्यात, पुतणी लग्न होऊन बेंगळुरूला, बहीण नाशिकला. दादाचा मृत्यूचा दाखला काढला, त्यावर त्याचं घरातलं नाव होतं. मी कुणाला काय बोलणार? सव्वा महिन्यात कागद जमवले, प्रत्येकाला यादी एकदमच पाठवली, तेवढा धडा मला आला होता. फेरफार धरला गेला, १५ दिवसांची नोटीस निघाली. पोस्टमन माझ्या नावाची नोटीस घेऊन भावाच्या दारात गेला तर सूनबाईनं सांगितलं, या नावाचं इथं कुणी नाही. नोटिशीवर माझं माहेरचं नाव होतं. तिच्या लग्नाला बारा वर्षं झालीत, तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

मी स्वतः गेले. तलाठी कार्यालयातला मुलगा तिशीतला, हसतमुख, कामात चोख. त्यानं माझं आधार पाहिलं, मग अर्ज पाहिला. आधारवर सासरचं नाव. मी पिशवीतून पदवीचं प्रमाणपत्र काढलं, त्यावर माहेरचं. त्यानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवलं.

"मॅडम, हा एक कागद आणि हा दुसरा कागद. दोन्ही एकाच बाईचे आहेत, त्याचा कागद कुठाय?"

तो होता. १९८३ मध्ये नोकरीला लागताना केलेला, बँकेच्या मुख्य कार्यालयात माझ्या फाइलमध्ये. त्याची प्रत मी ठेवली नव्हती. "सेफ असतं ना मॅडम करून घेतलेलं," तो म्हणाला. मी मान डोलावली. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं, म्हटलंच होतं.

कचेरीबाहेर लिंबाखाली टायपिंगवाला बसला होता, लॅपटॉप, छोटा प्रिंटर आणि त्याला गाडीच्या बॅटरीची वायर. शंभराचा स्टॅम्प मिळाला. "काय लिहायचंय, काकू?" त्यानं विचारलं आणि तयार नमुना उघडू लागला. मी म्हटलं, नमुना नको, सांगते, आणि सांगत गेले. स्वल्पविरामासकट. तो दोनदा वर बघून म्हणाला, "पाठच आहे की."

कागद छापून आला. मी पेन काढलं आणि थांबले.

"सही कुठल्या नावानं करू?"

"दोन्ही करा," तो म्हणाला, "खालीवर."

खालची झाली. वरची करायला वेळ लागला. आडनावाचं पहिलं अक्षर मी कसं काढायचे, ते हाताला चटकन आठवेना.